मे महिन्यातली हस्तकला जत्रा: यंदा काय बदललं आणि का (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बदलांचं पत्रक नाक्यावर लागल्यापासून समितीतल्या आम्हा तिघांचे फोन गरम आहेत. प्रश्न तेच, उत्तरं तीच, आणि सुरुवात हमखास "तुम्ही म्हणे..." अशी. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. घाईत असलेल्यांसाठी एका वाक्यात सांगायचं तर, यंदा टेबलामागे तोच बसेल ज्यानं वस्तू स्वतः केली आहे. तारीख, वेळ, भाडं, जागा हे बाकीचे बदल बहुतेक याच एका गोष्टीपायी करावे लागले.

जत्रा बंद होणार म्हणे?

नाही. शाळेचं पटांगण तेच आणि शुक्रवार ते रविवार हे तीन दिवसही तेच.

मग मे अखेरची जत्रा पहिल्या आठवड्यात का ओढली?

२०२५ मुळे. त्या वर्षी मॉन्सून २४ मेला केरळात उतरला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या देवगडपर्यंत येऊन ठेपला. मिरग लागेपर्यंत फार तर वळवाची एखादी सर, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. त्याच हिशेबावर आम्ही मांडव घालत आलो. मांडव म्हणजे वर साधी कनात. ती ऊन अडवते, पाऊस नाही. त्या दिवसांत कनातीला पाण्याचे फुगे धरले होते आणि आम्ही बांबूनं खालून ढोसून ते एकेक करून बाहेर उडवत होतो. एका टेबलावर लाकडी केळ्यांचा घड होता. तो पुसता पुसता बाईंच्या पदराला हिरवा रंग लागला. शेजारच्या गंजिफांची, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची, पानं ओल्या हवेनं कडा उचलून कौलासारखी वळली.

तेवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि वाळताना तडकतं. ती चीर लगेच दिसत नाही. दिसते तेव्हा वस्तू गिऱ्हाइकाच्या शोकेसमध्ये जाऊन बसलेली असते, आणि नाव खराब होतं ते करणाऱ्याचं.

म्हणून आता १ मेला शाळांचे निकाल लागले की त्यानंतरचा पहिला शुक्रवार धरायचा. मुंबईचे चाकरमानी तोवर यायला लागलेले असतात. "आम्ही पंधरा तारखेनंतर येतो, आमची जत्रा बुडाली" अशी तक्रार पाच-सहा जणांनी केली. त्यांचं दुःख खरं आहे, पण सगळ्यांची रजा आणि पाऊस यांची पत्रिका जुळवणं आमच्या हाती नाही.

वेळ संध्याकाळी ४ ते १०, असं का? पूर्वी सकाळी दहाला सुरू व्हायची.

पूर्वी सकाळी दहाला सुरू व्हायची आणि अकराला ओस पडायची. आपल्याकडे दुपारी एक ते चार दुकानंसुद्धा बंद असतात, कारण माणसं जेवून पडलेली असतात. अशा वेळी कारागिरानं तापलेल्या पत्र्याच्या शेडजवळ घामानं निथळत कोणासाठी बसायचं? बरं, त्या उन्हात लाकडी वस्तूही तापून उकलतात.

संध्याकाळी जत्रा भरवण्याचे दोन फायदे ठरवताना आमच्या लक्षातही आले नव्हते. चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ अंधाराशिवाय होत नाही, तो आता मुख्य पटांगणात करता येईल. दुसरा फायदा गंजिफाच्या डावाचा, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

दहा वाजता खरंच बंद करणार?

माईक नक्की बंद होईल. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्यानं मनाई आहे. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं आवराआवर चालेल, तेवढ्यात पाकीट उघडलंत तर कोणी नाही म्हणणार नाही.

"स्वतः बनवलेलंच विका" हा नियम कशासाठी? मी कित्येक वर्षं स्टॉल लावतो, माल बाहेरून आणतो. माझं काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही. चूक आमची झाली. सुरुवातीला टेबलं रिकामी राहायची, म्हणून येईल त्याला हो म्हणत गेलो. मग एक वर्ष असं आलं की टेबलांच्या अख्ख्या दोन रांगांमध्ये तीच चावीवाली माकडं, तेच प्लास्टिकचे धनुष्यबाण आणि घाऊक बाजारातून पोत्यानं आलेले तेच की-चेन. मधल्या एका टेबलावर एक आजोबा स्वतः कातलेले लाटणी-भोवरे घेऊन बसले होते. लोक भोवरा उचलायचे, किंमत विचारायचे, "समोर यापेक्षा स्वस्त आहे" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. समोरचा भोवरा प्लास्टिकचा होता. त्यात आरीच्या जागी खिळा ठोकलेला आणि तोही वाकडा. पण समोर स्वस्त होतं, हे खोटं नाही.

तिसऱ्या दिवशी आजोबा आलेच नाहीत. त्यांच्या रिकाम्या टेबलावर कोणीतरी आइस्क्रीमचे कप ठेवून गेलं. या बदलांची पहिली बैठक त्याच रात्री मांडव सोडवताना, उभ्या उभ्याच झाली.

व्यापाऱ्यांचा राग आम्हाला कळतो. तुमच्यातल्या काहींनी पडत्या काळात जत्रा सावरून धरली आहे. म्हणून पटांगणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, नगरपंचायतीच्या परवानगीनं तुमच्यासाठी वेगळी रांग ठेवली आहे. मात्र आतल्या मांडवात फक्त करणारे. घरातलं माणूस बसलं तरी चालेल, बायको, भाऊ, मुलगी, कोणीही. कितीतरी घरांत लाकूड बाबा कापतात आणि रंग आई देते, तिथे "करणारा" एकच कसा ठरवणार?

हे तपासणार कसं? कोणीही सांगेल की मीच केलं.

त्यासाठी साधी अट आहे. टेबलावर निदान एक अर्धवट वस्तू आणि ती करायची हत्यारं असायलाच हवीत. बुरडाकाम असेल तर अर्धी विणलेली रोवळी आणि कोयती. लाकडी फळं असतील तर एक न रंगवलेलं आणि एक नुसतं अस्तर दिलेलं. मातीकाम असेल तर कच्चं भांडं. गिऱ्हाइकानं विचारलं तर हात चालवून दाखवायचा. ज्यानं वस्तू केली असेल त्याला हे दाखवायला आवडतं, आणि ज्यानं ती पोत्यातून काढली असेल तो पहिल्याच संध्याकाळी आपणहून बाहेरच्या रांगेत जागा विचारायला येतो. आम्हाला पोलीसगिरी करायची गरज पडणार नाही असा अंदाज आहे. पडलीच तर समितीतले दोन सुतार बघून घेतील. वस्तू उलटी करून तळ पाहिला की त्यांना कळतं.

मशीन वापरलं तर "हस्तकला" नाही का?

विजेवर चालणारा लेथ, करवत, ड्रिल चालेल. आजच्या काळात कोणी दोरीनं खराद ओढत बसावं असा आमचा हट्ट नाही. पण संगणकावर नक्षी काढून लेझरनं कापलेल्या प्लायच्या पाट्या आणि घड्याळं आतल्या मांडवात नकोत. या मुद्द्यावर समितीत एकमत झालं नाही. एका तरुण सदस्याचं म्हणणं असं की डिझाइन काढणं हेही कामच आहे. ते मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. यंदापुरतं बहुमतानं ठरलं आहे, पुढच्या वर्षी पुन्हा भांडू.

टेबलावर "सावंतवाडीची खेळणी" असा बोर्ड लावू का? आमचं गाव शेजारीच आहे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, आणि उत्तर नीट वाचा कारण यात कायदा आहे.

सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि सावंतवाडीचा गंजिफा या दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याला सगळे नुसतं "जीआय" म्हणतात, तेच. १९९९ च्या कायद्याखाली त्याची नोंद चेन्नईच्या कार्यालयात होते. ती दहा वर्षं टिकते आणि मग नूतनीकरण करावं लागतं. या मानांकनाचं नाव आणि शिक्का व्यवसायात वापरायचा तर कारागिरानं "अधिकृत वापरकर्ता" म्हणून स्वतःची वेगळी नोंद करून घ्यावी लागते. मानांकन मिळालं म्हणजे जिल्ह्यातल्या कोणीही उठून तो शिक्का लावावा, असं नाही. शेजारच्या गावात केलेली वस्तू चांगली असू शकते, कधीकधी जास्त चांगलीही. पण तिच्यावर तुमच्या गावाचं नाव लिहा. खरं सांगायचं तर ते जास्त शोभतं.

याच कारणासाठी कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी सावंतवाडीच्या नावानं विकू नका. दरवर्षी कोणीतरी हे करतं आणि कोणालाच कळत नाही असं समजतं. चन्नपट्टणचं काम मुळात वेगळं आहे. काळ्या कुड्याच्या जातीचं लाकूड लेथवर फिरवायचं, फिरता फिरताच त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवायची आणि मग केवड्याच्या पातीनं चकाकी आणायची. म्हणून ती खेळणी गोल, गुळगुळीत आणि एकरंगी पट्ट्यांची. त्यांचं मानांकनही वेगळं आहे. सावंतवाडीच्या चितार आळीची ओळख आहे रंगवलेली फळं-भाज्या, पाट, चौरंग, देव्हारे. तिथलं वांगं हातात घेऊन आमच्याकडची एक म्हातारी म्हणाली होती, "ह्यां तर खरांच दिसता!" आणि देठ ओढून बघितला होता.

लाकूड कोणतं असतं?

खेळण्यांसाठी जुना मान पांगाऱ्याचा. हलका, मऊ, पटाशीखाली लोण्यासारखा. आता पांगारा कमी झाला म्हणून आंबा, फणस, शिवण चालते. हातात घेऊन वजन बघा, फरक कळेल.

लाकडी खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का लागतो ना? नसला तर तुम्ही बेकायदा विकताय का?

२०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांना तो शिक्का सक्तीचा आहे, हे बरोबर. पण त्याच आदेशात सूट आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेली खेळणी आणि मानांकनाच्या नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांची खेळणी यातून वगळली आहेत. म्हणून यंदा खेळणीवाल्यांनी अर्जासोबत कारागीर ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची आहे. "हा कागद कशाला आणखी?" असं ज्यांनी विचारलं, त्यांना हे उत्तर.

रंगाबद्दल पालकांनी जरूर विचारा. घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. डब्यावर तसं छापलेलं असतं. आम्ही विक्रेत्यांना रिकामा डबा टेबलाखाली ठेवायला सांगितलं आहे. शोभेचं फळ आणि तोंडात घालायचं खुळखुळं यात फरक आहे. जे शोभेचं आहे त्यावर तशी चिठ्ठी असेल.

भाव वाढले आहेत का? आणि घासाघीस बंद केली म्हणे?

भाव आम्ही ठरवत नाही. फक्त प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असावी एवढं सांगितलं आहे, म्हणजे मुंबईच्या गाडीला एक भाव आणि गावच्या सायकलला दुसरा असं होणार नाही. घासाघीस बंद करणं आमच्या बापाला जमणार नाही. पण करण्याआधी एक हिशेब ऐका.

दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा असतो. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. त्यातला एक राजा, एक वजीर आणि एकपासून दहापर्यंतची ठिपक्यांची पानं. फक्त इथे ठिपक्यांऐवजी त्या त्या अवताराची खूण असते. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशू. आता एक ते दहाची बेरीज करा, ५५. म्हणजे एका संचात ५५ मासे काढायचे, ५५ कासवं काढायची, असं दहा वेळा. एकूण साडेपाचशे खुणा, आणि वर वीस राजे-वजीर आपापल्या वाहनांसह आणि लवाजम्यासह. हे सगळं तळहातात मावेल एवढ्या गोल पानावर. त्याआधी पान तयार करायचं. जुन्या रीतीत कापडाला चिंचोक्याची खळ लावून थर चढवायचे, खडूच्या पुडीचं अस्तर द्यायचं, दगडानं घासून ते काचेसारखं करायचं, मग गोल कापायचं. आता बहुतेक पानं कागदाची असतात, पण घासणं काही चुकलेलं नाही. रंगल्यावर वरून लाखेचा हात.

एका कारागिराला मी मागे नववा मासा काढताना पाहिलं होतं. आठ सारखे आले होते. नवव्याचं शेपूट किंचित उलटं वळलं. त्यांनी पान डोळ्यांपासून लांब धरलं, मान तिरकी करून बघितलं, आणि ते बाजूला ठेवून नवीन पान घेतलं. पुन्हा पहिल्या माशापासून. हे बघितल्यावर "शेवटची किंमत सांगा" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तुमची रेटली तर तुमची मर्जी.

ज्यांना पूर्ण संच परवडत नाही त्यांच्यासाठी सुटी पानं, चुंबकं, चहाच्या कपाखालच्या गोल चकत्या असतील. त्यातही तीच मेहनत, फक्त थोडी.

गंजिफा खेळायला शिकवणार आहात का, की नुसता बघायचा?

शिकवणार. रोज दिवेलागणीला शिरीषाच्या पारावर डाव बसेल. तीन गडी, प्रत्येकी ४० पानं. हुकूम नसतो. ज्या अवताराचं पान पडलं त्यातलं मोठं पान हात घेतं. गंमत अशी की राजा आणि वजीर कायम वर, पण त्यांच्या खाली निम्म्या अवतारांत दहाचं पान मोठं आणि एकचं सगळ्यात लहान, आणि उरलेल्या निम्म्यांत अगदी उलट. पहिले दोन डाव सगळेच चुकतात. शिवाय कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवावं लागतं. नव्वदीच्या आसपासची माणसं इथे कॉलेजच्या पोरांना हरवतात, ते यामुळेच.

आणि आता तो वर राहिलेला मुद्दा. डावाची सुरुवात कोणी करायची, याचा जुना संकेत आहे. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतरतो, रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा तो. इतकी वर्षं जत्रा दिवसाची होती म्हणून आमचे डाव रामानं सुरू व्हायचे. वेळ बदलली तसा उतारीचा मानही बदलला. समितीच्या बैठकीत आमच्या सगळ्यात ज्येष्ठ सदस्यांनी हे एवढंच विचारलं होतं, "म्हणजे आता कृष्ण का?" आणि हो म्हटल्यावर समाधानानं सही केली.

हा खेळ आज हातात घेता येतो याचं बरंचसं श्रेय सावंतवाडीच्या राजघराण्याकडे जातं. शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यात ती पुन्हा सुरू केली. राजवाड्यात आजही पानं रंगवणारे कारागीर समोर बसून पाहता येतात. जत्रेला बाहेरगावाहून येत असाल तर एक सकाळ मोती तलावाकाठी काढा. जत्रा तशीही चारला सुरू होते.

पिंगुळीची मंडळी येणार का?

येणार. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाचे कलाकार तीनही संध्याकाळी खेळ करतील. एक दिवस कळसूत्री बाहुल्या, एक दिवस चामड्याच्या बाहुल्या, एक दिवस चित्रकथी. ज्यांनी चित्रकथी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका कथेची सुटी चित्रं एका पोथीत असतात, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र पुढ्यात उभं करतो आणि टाळ-हुडुकाच्या साथीनं कथा गातो. रामायण-महाभारतातल्या अशा काही गोष्टी त्यात येतात की घरी जाऊन आजीला विचारावं लागतं. याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून बाहेरची माणसं गाव शोधत येतात. त्याआधी आपल्यापैकी किती जण पाच-पंचवीस किलोमीटर जाऊन आले होते, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. मी नव्हतो गेलो.

खेळ चालू असताना मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. सावलीवर फ्लॅश मारला की सावली जाते. हे दरवर्षी सांगावं लागतं.

खाण्याचे स्टॉल कमी का केले?

कारण गेल्या खेपेस लोक खायला येत होते आणि जाताना जमलं तर टेबलं बघत होते. यंदा चायनीज आणि पावभाजी नाही. घावणे-चटणी, सोलकढी, कोकम सरबत, खाजं, शेंगदाण्याचे लाडू आणि फणसाचे गरे मिळतील. चहा दोन ठिकाणी. मुलं रडतील म्हणून बर्फाचा गोळा ठेवला आहे, त्यावर कोणी बोलू नये.

स्टॉलचं भाडं आणि जागा कशी ठरणार?

भाडं सगळ्यांना एकच. फाटकाजवळच्या टेबलाला जास्त आणि मागच्याला कमी ही पद्धत बंद. विक्रीतला वाटा आम्ही पूर्वीही घेत नव्हतो, आताही नाही. डिपॉझिट मात्र घेतो, आणि रविवारी रात्री तुमच्या जागेचा कचरा उचललेला दिसला की रोख परत देतो.

जागा चिठ्ठ्या टाकून. शुक्रवारी दुपारी दोन वाजता, सगळ्यांसमोर, शाळेतल्या एखाद्या मुलीच्या हातून चिठ्ठी काढू. "आम्ही कायम फाटकाजवळ बसतो" हे म्हणणारे निदान चार जण आहेत आणि फाटकाजवळ टेबलं दोनच मावतात. मग कसं जमायचं? ज्यांना उभं राहणं-चालणं कठीण आहे त्यांनी आधी सांगा. त्यांची टेबलं पाण्याच्या आणि शौचालयाच्या जवळ ठेवू, चिठ्ठीत घालणार नाही.

वीज?

प्रत्येक टेबलाला एक दिवा आणि एक प्लग. लेथ चालवायचा असेल त्यांनी अर्जात लिहा, त्यांची लाइन वेगळी ओढावी लागते. आयत्या वेळी सांगितलं तर सगळ्या मांडवाचा फ्यूज उडतो. अनुभवाचे बोल.

ऑनलाइन पैसे चालतील का?

चालतील, पण तीनचारशे माणसं एकदम पटांगणात आली की नेटवर्क गुदमरतं. रोख बरोबर असू द्या. विक्रेत्यांनी दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा आणाव्यात. स्कॅनरच्या पाटीवर स्वतःचंच नाव येतं ना हे घरून निघताना तपासा. एकदा एका ताईंच्या टेबलावर भावाच्या दुकानाचा कोड लागला होता आणि तीन दिवसांची कमाई भावाच्या खात्यात गेली. भाऊ सज्जन होता म्हणून निभावलं.

प्लास्टिकच्या पिशव्या?

नाहीत. राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आम्ही नवीन काही सांगत नाही. घरून कापडी पिशवी आणा. नाजूक वस्तूंना वर्तमानपत्र आणि भाताचा पेंढा मिळेल. आंब्याच्या पेटीत जो घालतात तोच, आणि तो आंब्याइतकीच लाकडी आंब्याचीही काळजी घेतो.

मुलांसाठी काय आहे?

शनिवारी आणि रविवारी चार ते सहा, तीन गोष्टी: मातीचं चाक, बांबूच्या बेळांनी विणकाम, आणि न रंगवलेलं लाकडी फळ रंगवणं. आठ वर्षांवरील मुलं एकटी बसतील, लहानांसोबत कोणीतरी मोठं हवं. मोठ्यांनी मुलाच्या हातातला ब्रश काढून घेऊ नये. हे मुलांसाठी लिहिलेलं नाही, हे कळलं असेलच. निळा आंबा झाला तर होऊ दे.

विश्वकर्मा योजनेची नोंदणी जत्रेत होते का?

माहिती मिळेल, नोंदणी सीएससी, म्हणजे सामान्य सेवा केंद्रातच करावी लागते. ही केंद्राची योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, कुंभार, टोपल्या-झाडू विणणारे आणि पारंपरिक खेळणी करणारे हे आपल्या कामाचे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि तारणाशिवाय ५ टक्के व्याजानं कर्ज, आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाख. एका कुटुंबातून एकालाच. आधार, बँक पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन या, आमच्या टेबलावरचा मुलगा कागद बघून देईल. अर्ज भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

कसं यायचं? गाडी कुठे लावायची?

एसटी स्टँडवरून चालत. रेल्वेनं येत असाल तर सावंतवाडी रोड स्टेशन सावंतवाडी शहरात नसून बाहेर मळगावला आहे, तिथून रिक्षा करून आधी सावंतवाडी स्टँड गाठा. चारचाकी बाजारपेठेत आणू नका, भातशेतीच्या मोकळ्या कोपऱ्यात पार्किंग आहे. शेतमालकांनी मे महिन्यापुरती जागा दिली आहे, तिथे बाटल्या फेकू नका. जूनमध्ये त्यात नांगर जातो.

प्रवेश फी लावली आहे का?

नाही.

आणि तरीही पाऊस आलाच तर?

यंदा कनातीवर ताडपत्री तयार असेल आणि प्रत्येक टेबलाखाली झाकणाची एक प्लास्टिकची पेटी. ढग भरले की माईकवरून सांगू, आधी वस्तू पेटीत, मग माणसं शाळेच्या व्हरांड्यात. शनिवार पूर्ण वाहून गेला तर सोमवार वाढवू.

गेल्या वर्षी घेतलेल्या बैलगाडीचं चाक निघालं. बदलून मिळेल?

बदलून नाही, दुरुस्त करून मिळेल. यंदा नवीन एक टेबल आहे, पाराच्या डाव्या हाताला. तिथे रोज एक कारागीर पाळीनं बसेल. तुटलेलं, रंग गेलेलं, पाय निघालेलं काहीही आणा, आमच्याच जत्रेतलं असलं पाहिजे असंही नाही. छोट्या कामाचे पैसे नाहीत, मोठ्याचे आधी सांगतील. वस्तूवर दोऱ्यानं चिठ्ठी बांधून नाव लिहा. पहिलं नाव कालच लागलं: एका काकूंनी चाळीसेक वर्षांपूर्वीचा लाकडी पोपट आणून दिला, चोच गेलेली, आणि सांगून गेल्या की चोच नवी लावा पण रंग देऊ नका, पोरांनी चाटून चाटून घालवलाय तो तसाच राहू दे.